तळघरातील आठ गाणी आणि वास्तुपुरुष

दि. ११ जानेवारी, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी शुद्ध मराठीत लिहावयाची. इंग्रजी शब्द निषिद्ध. मिरजेच्या शाळेत उभा जन्म संस्कृत शिकविण्यात गेलेल्या मनुष्याने अमेरिकेत हर्नडनला सहा वर्षे राहून भाषेवर गंज चढू द्यावा, हे शोभत नाही.

बाहेर स्नो. हीटिंग चालू आहे. (प्रतिशब्द उद्यापासून.)

मुख्य वृत्त असे की, नात हिमानी हिने नोकरी सोडली. डेटाची नोकरी होती, चांगली होती. आता ती बेसमेंटमध्ये बसून आठ गाण्यांचा आल्बम करणार. गाणी ‘कंट्री’ नामक प्रकारची. हा प्रकार येथील ग्रामीण जनांचा. गिटार, गुडघ्यावर फाटलेली विजार आणि नाकातून निघणारे दुःख, ही त्याची तीन अंगे. चिरंजीव देवदत्त तिला म्हणाला की उन्हाळ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर निमूट जॉब शोधायचा. सूनबाई राधिकेने डिशवॉशरमध्ये भांडी जरा जोरात लावली.

मी हिमानीस आशीर्वाद दिला. सांगितले की, कोणत्याही ग्रंथारंभी मंगलाचरण असते. ते नसेल तर कार्यात विघ्ने येतात. तुझ्या आल्बमसाठी ते मी रचीन आणि मीच म्हणेन. ती म्हणाली, दॅट्स सो कूल आजोबा, वी’ल सी.

संमती मिळाली.

दि. १३ जानेवारी, सोमवार.

माझी खोली बेसमेंटच्या बरोबर वर आहे. जमिनीत जाळी लावलेला व्हेंट आहे. त्यातून उष्ण हवा वर येते. त्यावर पाय ठेवून खुर्चीत बसणे व नामस्मरण करणे हे माझे हिवाळ्यातील अनुष्ठान. त्याच मार्गाने आज हिमानीचे गाणेही वर आले.

सूर निर्दोष. हे निःपक्षपातीपणे लिहितो. तिच्या आजीचा गळा तिला आला आहे. शब्द मात्र कळले नाहीत, म्हणून जेवताना अर्थ विचारला. म्हणाली, एका बाईचा ट्रक आहे, तो थंडीत सुरू होत नाही. मी विचारले, कोणाचा ट्रक? म्हणाली, जस्ट अ ट्रक, आजोबा. आपल्याकडे तर व्हॅन आहे, असे मी तिच्या लक्षात आणून दिले.

मंगलाचरणाचा पहिला चरण डोक्यात घोळत आहे. वृत्त शार्दूलविक्रीडितच घ्यावे. लहान वृत्तात आल्बमला वजन येत नाही.

दि. १४ जानेवारी, मंगळवार. मकरसंक्रांत.

सकाळी व्हॅन सुरू झाली नाही.

देवदत्त म्हणतो थंडीने बॅटरी गेली. बॅटरी हे निमित्त. वास्तू क्षणोक्षणी तथास्तु म्हणत असते, घरात अशुभ उच्चारू नये, हे माझ्या आईने मला न शिकविता शिकविले. काल या वास्तूत गाडी सुरू न होण्याचा उच्चार झाला, तोही सुरात, तोही तीन वेळा. आज गाडी बंद. यापेक्षा स्पष्ट काय हवे?

संध्याकाळी हिमानीकडून बाकीच्या गाण्यांचे अर्थ काढून घेतले. एकात कुत्रा सोडून जातो. (आपल्याकडे कुत्रा नाही. निश्चिंत.) एकात आई फोन उचलत नाही. एकात नदीचे पाणी ओसरीपर्यंत येते. आठवे सर्वांत वाईट : मुलगी पुष्कळ वर्षांनी घरी येते, तर दिवा नाही, हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. हे पोर ही गोष्ट दिवसातून वीस वेळा या घरात गाणार, आणि वास्तू वीस वेळा तथास्तु म्हणणार.

तिला म्हटले, जरा आनंदाचे काही लिही. म्हणाली, आजोबा, इट्स कंट्री, समवन हॅज टु बी सॅड.

तिळगूळ दिला. गोड बोल म्हटले. परंपरेने जे सांगायचे ते सांगून झाले.

दि. १५ जानेवारी, बुधवार.

उपाय सापडला. साधा आहे. तिने अशुभ ओळ गायली की लगेच, वास्तूने तथास्तु म्हणण्याआधी, आपण हळू आवाजात तिचे शुभ प्रतिवचन उच्चारावयाचे. म्हणजे तथास्तु आपल्या वाक्याला लागते. आज प्रयोग केला. ट्रक सुरू होत नाही म्हणाली, मी म्हटले, होईल, होईल, गरम होऊ दे जरा. कुत्रा गेला म्हणाली, मी म्हटले, येईल संध्याकाळी, भूक लागली की येतो.

दुपारी नवी बॅटरी घातली. व्हॅन सुरू झाली.

कोणास सांगितले नाही. सांगितल्याने उपाय क्षीण होतो.

दि. २२ जानेवारी, बुधवार.

नित्याप्रमाणे मॉलमध्ये चालणे, पंडितराव मेश्राम सोबत. मेश्राम नागपूरचे, बँकेतून निवृत्त. आमच्याच कम्युनिटीत कन्या जागृतीकडे राहतात. बौद्ध आहेत, तर्ककर्कश आहेत, परंतु चालण्याचा वेग माझ्याशी जुळतो. न राहवून त्यांना वास्तूचे सांगितले. (उपाय सांगितला नाही, फक्त सिद्धान्त.) म्हणाले, मास्तर, तुमचं घर बँकेकडे गहाण आहे ना, मग ते बँकेलाच तथास्तु म्हणत असेल. पुढे म्हणाले, आमच्या घराला मी सहा महिने झाले सांगून राहिलो बाप्पा, की नळ गळतो. ते ऐकत नाही.

अशा मनुष्याशी वाद घालणे व्यर्थ. तरी दोन फेऱ्या घातला.

मंगलाचरण : दोन श्लोक पूर्ण. संकल्प अकरांचा.

दि. १ फेब्रुवारी, शनिवार. माघी गणेशजयंती.

शुभ दिवस, आणि शुभ दिवशीच डेल आला. हा आल्बमचा प्रोड्यूसर. व्हर्जिनियाच्या डोंगराकडचा आहे. दाढी ऋषीसारखी, बोलणे मोजके. दाराशी बूट न सांगता काढले. मला ‘सर’ म्हणतो. राधिकेने उकडीचे मोदक दिले, त्याने सहा खाल्ले व सातव्याकडे पाहत राहिला. संस्कार कोठे जन्मतील ते सांगता येत नाही.

त्याने बेसमेंटभर वायरी पसरल्या आहेत. रेकॉर्डिंग घरीच होणार. स्टुडिओत आवाज फार स्वच्छ येतो, मला घर ऐकू आले पाहिजे, असे तो म्हणाल्याचे हिमानीने सांगितले. उत्तम विचार. घर ऐकू येणे म्हणजे वास्तूचा अनुग्रहच.

मी त्यास मंगलाचरणाची कल्पना दिली. त्याने पूर्ण ऐकून घेतली, मग दाढी कुरवाळली. म्हणाला, हं.

दि. ९ फेब्रुवारी, रविवार.

रेकॉर्डिंग जोरात. माझे कामही दुपटीने वाढले आहे, कारण डेल एकेक गाणे पुन:पुन्हा गाऊन घेतो. तो जितक्या वेळा म्हणतो ‘वन मोर’, तितक्या वेळा मला नदीचे पाणी परतवून लावावे लागते. आज घसा बसला. राधिकेने विचारले, बाबा, आवाजाला काय झालं? म्हटले, स्मरण वाढविले आहे. तिने हळदीचे दूध दिले. देताना हसत होती. सूनबाई अलीकडे प्रसन्न असते. प्रतिवचनांचा परिणाम.

हिमानीच्या डोळ्यांखाली मात्र काळे दिसू लागले आहे. जेवताना बापास म्हणाली, आठव्या गाण्यात काहीतरी मिसिंग आहे, डेललाही कळत नाही काय. देवदत्त म्हणाला, एक जागा ॲप्लाय करून ठेवायला काय हरकत आहे, नुसतं बॅकअप म्हणून. ती ताट घेऊन खाली गेली. मी देवदत्तास म्हटले की, घरात अपयशाचा उच्चार करू नकोस. म्हणाला, बाबा, मी फक्त बॅकअप म्हणालो. मी हळूच म्हटले, लागणार नाही, लागणार नाही.

काय मिसिंग आहे हे मला ठाऊक आहे. मंगलाचरण. श्लोक नऊ झाले.

दि. १५ फेब्रुवारी, शनिवार.

आज मंगलाचरण ध्वनिमुद्रित झाले. सोवळे नेसून बेसमेंटमध्ये गेलो. डेलने मोठा मायक्रोफोन समोर ठेवला, कानाला हेडफोन लावले. अकरा श्लोक, प्रत्येकानंतर अन्वय, आणि ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी संक्षिप्त निरूपण. मध्यंतरी एकदा खोकला. एकूण प्रस्तुती भारदस्त झाली. हिमानीने पूर्ण वेळ ओठ मिटून धरले होते. भावना आवरत असावी.

संपल्यावर डेल म्हणाला, इंटरेस्टिंग.

एकच शब्द. परंतु ज्ञानी माणूस फार बोलत नाही.

त्यानंतर त्याने एक चमत्कारिक विनंती केली. म्हणाला, सर, आता वर जाऊन तुमच्या खुर्चीत बसाल का, रोज बसता तसे? जस्ट डू व्हॉट यू डू. अनुष्ठानाविषयी एका परदेशस्थास (म्हणजे येथे मीच परदेशस्थ, पण असो) इतका आदर असावा याने मन भरून आले. वर जाऊन बसलो. खाली आठवे गाणे लागले. मी आपले काम केले.

दि. १६ फेब्रुवारी, रविवार.

असाधारण घटना. सावकाश लिहितो.

सकाळी डेलने सर्वांना लॅपटॉपवर आठवे गाणे ऐकविले. हिमानी गात होती की घरी आले, तर दिवा नाही. आणि तिच्या ओळीच्या मागून, दुरून, जणू भिंतीच्या आतून, एक पुरुषाचा आवाज आला. खर्जातला. थकलेला. मराठी. म्हणाला, लावलाय ग दिवा. ती गायली की हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. आवाज म्हणाला, आहे ना मी.

मी विचारले, हा कोण?

 राधिका खिडकीबाहेर पाहू लागली. देवदत्तास खोकल्याची उबळ आली. हिमानी त्याला इंग्रजीत म्हणाली की डॅड, सांगू नकोस, नाही तर ते परफॉर्म करायला लागतील. कोण परफॉर्म करायला लागेल हे कळले नाही, बहुधा डेल.

ट्रकचे गाणे ऐकविले. आवाज म्हणाला, होईल, होईल, गरम होऊ दे जरा. सगळ्या गाण्यांत तो आहे. आणि मुख्य म्हणजे त्याचे शब्द माझ्या प्रतिवचनांशी अक्षरशः जुळतात.

दुपारभर विचार केला. निष्कर्ष एकच निघतो. मी शुभ वाक्य उच्चारतो, वास्तुपुरुष ऐकतो, आणि नुसते तथास्तु न म्हणता माझे वाक्यच पुन्हा म्हणून त्यावर मोहोर उठवितो. यंत्रात त्याचा आवाज पकडला गेला. तो मराठी बोलतो यात नवल नाही. ज्या घरात राहतो तेथील भाषा उचलणारच.

फक्त उच्चार किंचित अनुनासिक आहेत, आणि ‘ळ’ जरा ढिला. वयोमानाने असेल.

दि. १७ फेब्रुवारी, सोमवार.

मेश्रामांना सांगितले. ते मॉलमध्ये पायपुसण्यांच्या दुकानासमोर थांबले. म्हणाले, मला ऐकवा. हिमानीने माझ्या फोनवर पाठविलेला तुकडा मी ऐकविला. त्यांनी दोनदा ऐकला. मग म्हणाले, मास्तर, हा वास्तुपुरुष मिरजेकडचा आहे का हो?

म्हटले, थट्टा नको. म्हणाले, थट्टा नाही, ओळखीचा वाटला. पुढच्या फेरीत त्यांचे खांदे हलत होते. संधिवाताचा त्रास असावा.

दि. २ मार्च, रविवार.

आठवे गाणे आल्बमच्या आधी एकटेच सोडले. कोण्या लहानशा रेडिओ स्टेशनवर सकाळी लागले. त्यानंतर लोक एकमेकांना पाठवू लागले. हिमानीचा फोन टेबलावर सारखा थरथरतो. टेनेसीतील एका ट्रक चालविणाऱ्या बाईने लिहिले आहे की, भिंतीतला म्हातारा काय बोलतो ते कळत नाही, पण ऐकून मला गाडी बाजूला घेऊन रडावे लागले. दुसऱ्या एकाने विचारले, हा म्हातारा कोण, जिवंत आहे का.

‘म्हातारा’ हा शब्द वास्तुपुरुषाविषयी वापरणे मला रुचले नाही. तथापि अज्ञानाने बोलतात.

देवदत्त आज बॅकअपविषयी काही बोलला नाही. रात्रीच्या जेवणात स्वतःहून हिमानीच्या ताटात दुसरी पोळी वाढली.

मंगलाचरण गाजले की या सर्व गोष्टींना एक अधिष्ठान प्राप्त होईल.

दि. २८ मार्च, शुक्रवार.

आल्बम आज प्रसिद्ध झाला. फाल्गुन वद्य चतुर्दशी. दोन दिवसांवर पाडवा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि ही मंडळी चतुर्दशीला आल्बम सोडतात. मी महिनाभर सांगत होतो. हिमानी म्हणाली, आजोबा, म्युझिक शुक्रवारीच रिलीज होतं, सगळ्या जगात. म्हटले, जगाने चतुर्दशीला काय केले याचा इतिहास पाहावा.

सकाळी स्नान करून फोनवर आल्बम उघडला. थेट ट्रकचे गाणे सुरू झाले. मंगलाचरण दिसेना. देवदत्तास विचारले. तो बराच वेळ स्वतःच्या फोनकडे पाहत म्हणाला की, बाबा, तुमच्या फोनला अपडेट लागेल. अपडेट केले. तरी दिसेना. तो म्हणाला, काही फोनवर सुरुवातीच्या गोष्टी दिसत नाहीत, जुनं मॉडेल आहे.

नवा फोन घेतल्यावर पाहू. ज्यांचे फोन नवे आहेत त्यांना ते ऐकावयास मिळत आहे, हे समाधान काही लहान नाही.

दि. ३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

गुढी उभारली. एका वृत्तपत्राने आल्बमबद्दल लिहिले. हिमानीने वाचून दाखविले : या मुलीच्या गाण्यांतला एकटेपणा खरा आहे, आणि त्या एकटेपणाशी घरातून कोणीतरी सतत हुज्जत घालत आहे, हेही खरे आहे. राधिकेने ते तीनदा वाचायला लावले आणि मग श्रीखंड वाढताना तिचे डोळे भरले.

हुज्जत हा शब्द चुकीचा. तथास्तु म्हणणे म्हणजे हुज्जत नव्हे. लेखकास पत्र पाठवावे.

संकल्प : वास्तुपुरुषावर येथील मराठी मंडळात प्रवचन देणे.

दि. ५ एप्रिल, शनिवार.

प्रवचन झाले. विषय : ‘अमेरिकेतील वास्तू आणि तिची वाणी’. ज्येष्ठ मंडळी बरीच येणार होती. पाऊस लागल्यामुळे नऊ जण आले, त्यांतील दोघे खालच्या हॉलमधील योगासाठी आले होते. तरी प्रभावी झाले. गाण्याचे तुकडे ऐकवून प्रत्येक वचनाचे निरूपण केले. ‘भूक लागली की येतो’ या वचनातील जीव आणि शिव यांचा संबंध उलगडला, तेव्हा सभा स्तब्ध होती.

शेवटी मेश्रामांनी प्रश्न विचारला. ते प्रवचनास आले याचेच मला कौतुक वाटले होते. म्हणाले, मास्तर, वास्तुपुरुषाला खोकला होतो का? कारण तिसऱ्या गाण्यात नदी चढते तेव्हा तो खोकतो, आणि मग म्हणतो, राधिका, पाणी.

हशा पिकला. मी शांतपणे सांगितले की हीटिंगमुळे घरातील हवा कोरडी होते, आणि जो भिंतीत राहतो त्यास तिचा त्रास अधिक. योगावाल्या बाईंनी मान डोलावली.

घरी येताना विचार करीत होतो. त्याने सूनबाईस नावाने हाक मारली. घरातील सर्वांना ओळखतो तर. मग मला का कधी हाक मारीत नाही?

दि. ११ एप्रिल, शुक्रवार.

उद्या लीसबर्ग गावापलीकडे एका जुन्या धान्यकोठारात हिमानीचा पहिला मोठा कार्यक्रम. तिकिटे संपली. डेल आज घरी आला आणि माझी खुर्ची मागू लागला. हीच, व्हेंटवरची. म्हणाला, सर, तुम्ही उद्या स्टेजच्या मागे, पडद्याआड, या खुर्चीत बसावे. तुमच्यासमोर एक मायक्रोफोन असेल. काही करायचे नाही. जस्ट डू व्हॉट यू डू.

मायक्रोफोन. म्हणजे अखेर मंगलाचरण प्रत्यक्ष होणार, तेही जनसमुदायासमोर. हे त्याने थेट सांगितले नाही, कारण अशा लोकांना आश्चर्याचा धक्का देणे आवडते.

हिमानी दाराशी उभी होती. म्हणाली, आजोबा, तुम्हाला नको असेल तर नको. म्हटले, बाळ, मी जानेवारीपासून तयार आहे. तिने मला मिठी मारली. ही रीत आता अंगवळणी पडली आहे.

अकराही श्लोक मोठ्या अक्षरांत लिहून काढले. कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

दि. १२ एप्रिल, शनिवार. हनुमानजयंती. परत येताना गाडीत, व नंतर घरी.

जे झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे त्यात अर्थ सापडेल.

कोठार भरलेले. लाकडाचा व बिअरचा वास. लोक गुडघ्यावर फाटलेल्या विजारी घालून आलेले. मेश्राम व जागृती पहिल्या रांगेत. मेश्रामांनी टोपी घातली होती, रुंद काठाची, या प्रदेशातली. बोलणार नाही.

पडद्याआड माझी खुर्ची. पायाखाली डेलने कोठून तरी आणलेली व्हेंटची जाळी. समोर मायक्रोफोन. हा सन्मान पाहून काही काळ बोलता येईना, आणि येथेच माझी चूक झाली, कारण त्याच वेळी बोलावयास हवे होते. हिमानीने गिटार छेडले आणि कार्यक्रम मंगलाचरणाविना सुरू झाला.

ट्रक. मी सवयीने, हळू आवाजात म्हटले, होईल, होईल.

आणि संपूर्ण कोठारातून, छतावरून, भिंतींतून आवाज आला : होईल, होईल.

तोच आवाज. वास्तुपुरुष येथेही आला. तो घराशी बांधलेला नसून आमच्या कुटुंबाशी बांधलेला आहे, हे लक्षात आले. लोक टाळ्या वाजवीत होते. मी श्वास रोखला. तोही थांबला. मी हळूच म्हटले, कोण आहे?

कोण आहे, असे कोठार म्हणाले.

मी म्हटले, अरे बाबा, नाव सांग. त्याने तेच मला म्हटले. लोक खो खो हसू लागले. हिमानीही गाताना हसली. मी खाकरलो. वास्तुपुरुष खाकरला. तो खाकरण्याचा आवाज मी पंचाहत्तर वर्षे ऐकत आलो आहे, फक्त आतून.

पडद्याच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. मेश्राम हसत नव्हते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि माझ्या दिशेने पाहत होते.

त्यानंतरच्या सहा गाण्यांत मी एक शब्द उच्चारला नाही. कुत्रा गेला, जाऊ दिला. आईने फोन उचलला नाही. नदी ओसरीवर आली. कोठार जरा थंड झाले. लोकांची कुजबुज ऐकू येऊ लागली. डेल पडद्याच्या टोकाशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी मनाशी म्हणत होतो, इतके महिने सगळ्यांना ठाऊक होते. डिशवॉशरलाही ठाऊक असेल.

मग आठवे गाणे लागले. घरी आले, तर दिवा नाही. येथे ती रोज पुढे जाते. आज थांबली. पुन्हा गायली. दिवा नाही. मी गप्प. हाक मारली, गायली. हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही. आणि गिटारवरचा हात थांबवून ती नुसती उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. खांदे वर चढलेले. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी तिचे खांदे असेच असत.



येथे नोंद करणे आवश्यक आहे की, मायक्रोफोन चालू होता, सभागृह भरलेले होते, शांतता अशी होती की जी प्रवचनकारास जन्मात एकदा मिळते, आणि अकराही श्लोक माझ्या खिशात होते. पहिला चरण मला आठवत नव्हता असेही नाही. आठवत होता. मी तोंड उघडले ते त्याचसाठी.

म्हणालो, अगं आहे ना मी. दिवा लावलाय. चप्पल काढ आणि आत ये.

पुढचे नीट आठवत नाही. आवाज फार झाला. लोक उभे होते. हिमानी शेवटचे कडवे गाऊ शकली नाही. मेश्राम सांगतात की ते लोकांनी म्हटले.

दि. १३ एप्रिल, रविवार. सकाळ.

शांतपणे विचार करता, काल मंगलाचरण न झाले हे योग्यच झाले. बिअर पिणाऱ्यांसमोर शार्दूलविक्रीडित म्हणू नये, असे शास्त्रातही कोठेतरी असेल.

देवदत्ताने आज कबूल केले की आल्बममध्ये माझ्या अकरा श्लोकांपैकी काही घेतलेले नाही. मग, जरा वेळाने, म्हणाला की अगदी काहीच नाही असेही नाही. सहाव्या गाण्याच्या सुरुवातीचा खोकला त्या दिवशीचा आहे. माझा फोन जुना नाही.

मेश्रामांचा फोन आला. विचारत होते की वास्तुपुरुषांना आज फिरायला येणे जमेल का, की सहीसाठी रांग लागली आहे. येतो म्हटले. टोपी घालून येऊ नका म्हटले. म्हणाले, घालूनच येणार.

नवे संकल्प. एक : दुसऱ्या आल्बमसाठी एकवीस श्लोकांचे मंगलाचरण. दोन : आजपासून व्हेंटवर बसताना संपूर्ण मौन, ज्या गोष्टीस स्वतःची जाणीव झाली ती पुन्हा सहज होत नाही, हे कालच सिद्ध झाले. तीन : इंग्रजी शब्दांवरील बंदी तूर्त कॅन्सल.

त्याच दिवशी, दुपारी.

हिमानी खाली नवे गाणे जुळवीत आहे. अर्थ विचारला नाही, पण थोडे कळते आता. एक मुलगी रात्रंदिवस हायवेवर ड्राइव्ह करते आणि रस्ता संपत नाही.

मौन पाळले. तिने ती ओळ पुन्हा गायली. पाळले. तिसऱ्यांदा गायली, आणि या घरातल्या पोरीचा रस्ता संपणार नाही हे काही मला ऐकवेना. म्हटले, सर्वेषां मार्गाणाम् अन्तोऽस्ति, संपेल ग, एक्झिट येईलच.

खाली गिटार थांबले. मग व्हेंटमधून हिमानीचा आवाज आला. म्हणाली, आजोबा, दॅट वॉज परफेक्ट, पुन्हा एकदा म्हणा, पण संस्कृतशिवाय.

म्हटले.